डाव्या दाराचा पायगुण

गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं आणि मी माझ्या विधवा नणंदेला गाडीतून खाली उतरवलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. माझा मूर्खपणा एवढाच, सांगायला एक ओळ पुरली. पण तो करत असताना मी स्वतःला घरातली सगळ्यात शहाणी बाई समजत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आज माझ्या पर्समध्ये चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि दहा नंबरचा पाना असतो. आमच्या गल्लीत कुणाची जुनी गाडी सकाळी मुकी झाली, की मेकॅनिकला फोन करण्याआधी लोक माझं दार वाजवतात. "आज्जी, बघता का जरा?" मी पदर खोचून जाते. बॅटरीच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट असतात आणि जाड तारांच्या टोकाची दोन कडी त्या खुंटांना आवळून बसलेली असतात. हीच टर्मिनलं. कडं बोटानं हललं, की पुढं काही शोधायचं नाही. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाणी ओतायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं, कोरडं पुसायचं, नट आवळायचा, वर ग्रीसचं बोट फिरवायचं. गाडी बोलायला लागते. लोक कौतुक करतात, आजीला या वयात काय एकेक हौस! मी हसते. ती हौस कुठून आली हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. मोबाइल नुकते घरोघर आले होते, पण गाव सोडलं की त्यांची रेंज जायची. आमच्या ह्यांचं सोलापुरात नवी पेठेत भांड्यांचं दुकान. त्यांनी एक पांढरी गाडी घेतली, दोन मालक वापरून कंटाळलेले, तिसरे आम्ही. पण आमच्या खानदानातली ती पहिली गाडी. ती दारात उभी राहिल्यापासून माझी मान जी ताठ झाली, ती मानेला पट्टा लागेपर्यंत वाकली नाही. भाजी आणायला कोपऱ्यावर जायचं तरी मी गाडी काढायला लावायचे. मंडईत पार्किंगला जागा मिळेपर्यंत भाजी सुकून जायची. पण मी गाडीतून उतरताना चार बायकांनी बघितलं पाहिजे, भाजीचं काय एवढं!

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायच्या. वळसंगला दिलेल्या, नवरा लवकर गेला, सासरच्यांनी शेतातलं काम करून घेतलं आणि घरातलं ताट काढून घेतलं. तेव्हा पोरीला काखेत मारून त्या भावाकडे आल्या. ती पोर आमच्याच घरात वाढली. आदल्या वर्षी तिचं लग्न होऊन ती माढ्याला गेली होती. वन्सं हडकुळ्या, बोलायला कमी, आणि पहाटेपासून चुलीपाशी. त्या घरात होत्या म्हणून मी भाजीला गाडीतून जाऊ शकत होते, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, मी त्यांना सांभाळते आहे.

गाडीत त्यांची जागा ठरलेली. मागच्या सीटवर डावीकडे. तिथला फोम फाटलेला, खालची स्प्रिंग टोचायची, म्हणून ती त्यांची. त्या बाजूचं दारही वाकडं. नीट लावलं तर लागायचं नाही. सगळं अंग मागं टाकून ओढावं लागायचं. धाड्! अख्खी गाडी हलायची.

पहिल्यांदा झालं ते एका साखरपुड्याला निघताना. सगळे बसले, शेवटी वन्सं बसल्या. धाड्! ह्यांनी किल्ली फिरवली. काही नाही. खोकला नाही, कण्हणं नाही, टिकटिक नाही. हे उतरले, बॉनेट उघडलं, दूध नासलंय का बघावं तसं आत बघितलं, आणि बॉनेट आपटून बंद केलं. तोवर मी वन्संना म्हटलं, "जरा उतरता का? वजन कमी होईल." त्या उतरल्या. ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी चालू!

दुसऱ्यांदाही असंच झालं. तिसऱ्यांदाही. वन्सं बसल्या की गाडी मरायची, वन्सं उतरल्या की जिवंत व्हायची. मी बी.एस्सी. झालेली बाई. प्रयोग, निरीक्षण, अनुमान, सगळं मला पाठ. मी निरीक्षण केलं आणि अनुमान काढलं. मधल्या मधे हे बॉनेट आपटत होते आणि त्या आपटण्यानं ढिली तार परत जागेवर बसत होती, हे मात्र माझ्या निरीक्षणात आलं नाही. बाई डोळ्यांसमोर असताना तारेकडे कोण बघतंय!

एकदा त्या बसल्या आणि गाडी चालूही झाली, अक्कलकोटपर्यंत जाऊन परत आली. माझं अनुमान कोसळायला हवं होतं. मी म्हटलं, "आज एकादशी आहे ना, म्हणून."

मी गाडीला लिंबू-मिरची बांधली. मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. खंडेनवमीला बॉनेटवर हळदीकुंकवाचा एवढा थर दिला की पांढरी गाडी पिवळी दिसायला लागली. सगळं वरूनवरून. बॉनेट उघडून आत हात घालायचं मला सुचलं नाही. मग मी आतल्या बाईवर उपाय सुरू केला, आणि तोही किती गोड बोलून! "वन्सं, तुमचे गुडघे दुखतात, गाडीत पाय अवघडतात, तुम्ही आपल्या रिक्षानं या." "वन्सं, उन्हाचं कशाला, घरीच पडा जरा." त्या म्हणायच्या, "बरं." मग आम्ही गाडीतून पुढं आणि त्या मागून रिक्षातून, एकाच लग्नाला. उतरताना लोक विचारायचे, "ह्या वेगळ्या कशा काय?" मी म्हणायचे, "त्यांना गाडी सोसत नाही." आज त्या बाईला, म्हणजे त्या मला, समोर उभी करून कानाखाली वाजवावी असं वाटतं. पण ती इतकी गोड हसत असायची की हात उचलणं अवघड झालं असतं.

ह्यांना सगळं दिसत होतं. सख्खी बहीण. पण ते म्हणायचे, "तुमच्या बायकांच्यात मला आणू नका." एवढं म्हणून ते पेपर उघडायचे.

मग माढ्याचा दिवस आला. पोरीचं डोहाळजेवण होतं, आणि ते उरकून तिला पहिल्या बाळंतपणाला घरी आणायचं होतं. दिवस भरत आलेले. वन्संचं महिनाभर एकच चाललं होतं. भाकरी थापताना, लसूण सोलताना, आपल्याशीच बोलल्यासारखं: "पोरीला मांडीवर डोकं घिऊन आणीन मी. गाडीत कशी ऐसपैस निजंल." त्यांनी आयुष्यात मला काही मागितलं नव्हतं. हेही मागितलं नव्हतं. ते त्यांनी धरूनच चाललं होतं, कारण लेकीला आणायला आई जाते, यात मागायचं काय?

आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले.

"वन्सं, उद्या तुम्ही एसटीनं पुढं व्हा. येतानाही एसटीनंच या."

त्यांचा भाकरीवरचा हात थांबला. "गाडीत जागा न्हाय व्हय?"

"जागा आहे हो. पण दिवस भरलेली पोर. वाटेत गाडी बंद पडली म्हणजे?"

"माज्यामुळं पडती का बंद?"

"मी तसं म्हटलं का?"

"न्हाय. तू तसं कवाच म्हणत न्हाईस."

भाकरी तव्यावर टाकून त्यांनी तिला पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "माजी एक पिशवी तरी न्हेशील का गाडीतनं? जाऊन परत आणायची. दुपटी हायेत बाळाची. तिला दावायची हायेत. बसमधी चेंगरत्याल."

"त्यात काय, आणते की," मी मोठ्या मनानं म्हटलं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती ती. कडेला बारीक टाके घातलेली.

माढ्याला पोरीची ओटी मी भरली. मुंबईहून मागवलेली साडी नेसून, हातभर बांगड्या वाजवत. वन्सं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून बघत होत्या. बाहेर या असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि त्याही आल्या नाहीत. पोरीची नजर सारखी तिकडं जात होती. मी तिची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली. "इकडं बघ गं, फोटो काढतायत."

निघताना पोर म्हणाली, "मामी, आईला माझ्याशेजारी बसू दे की."

मी काही बोलायच्या आत वन्संच म्हणाल्या, "जा तू. मला बसच बरी. उभं ऱ्हायलं तरी चालतंय मला." आणि हातातली छत्री उघडून त्या स्टँडकडे चालायला लागल्या. पोर डावीकडच्या फाटक्या सीटवर, आईच्या जागेवर बसली. उजवीकडं बस म्हटलं, तर ऐकेना.

शेटफळ ओलांडून आम्ही हायवेला लागलो. मे महिन्यातली दुपार, डांबर चमकत होतं. पोर म्हणाली, "मामी, मळमळतंय." एका कडुलिंबाखाली गाडी थांबवली, बंद केली. ती उतरली, चूळ भरली, चार पावलं फिरली आणि पुन्हा बसली.

"दार जोरात ओढ गं," मी म्हटलं. "लागत नाही ते."

धाड्!

ह्यांनी किल्ली फिरवली. काही नाही.

ह्यांनी बॉनेट उघडून आपटलं. त्या दिवशी तेही लागू पडलं नाही. मग ते खिडकीशी वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "आता गं? आता कुणाला उतरवू?"

वर्षभरात तो माणूस पहिल्यांदा मला उलट बोलला, आणि बोलला तो असा. एखादी सरळ बाई असती तर तिथंच तिची खात्री पटली असती. वन्सं गाडीत नव्हत्या, पाच-दहा मैलांत कुठं नव्हत्या, तरी गाडी मेली होती. पण मी बी.एस्सी. मी विचार केला. मी मागं वळून बघितलं. आणि मला सापडलं.

"अहो," मी म्हटलं, "त्यांची पिशवी आहे की डिकीत!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी स्वतः उतरले, डिकी उघडली, पिशवी काढली आणि नेऊन झाडाच्या पलीकडं, गाडीपासून लांब, धुळीत ठेवली. पिशवीचं तोंड उघडलं आणि दोन दुपटी बाहेर सांडली. मी ती उचललीसुद्धा नाहीत. परत येऊन म्हटलं, "आता फिरवा किल्ली."

काही नाही.

मागचं दार उघडलं. पोर उतरली. पोट सावरत, कमरेवर हात ठेवून ती झाडापलीकडं गेली आणि पिशवीशेजारी जमिनीवर बसली.

"अगं, ऊन लागेल! इकडं ये!"

"न्हाय येत."

"वेडी का काय तू?"

"आईची पिशवी जिथं, तिथं मी," ती म्हणाली. मान वर न करता दुपटं झटकत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. हे गाड्यांना हात करत होते, ट्रक सुसाट जात होते. माझ्या अंगावरची भारी साडी घामानं पाठीला चिकटली होती. दिवस भरलेली पोर धुळीत बसलेली, आणि मला काळजी कशाची होती? कुणी ओळखीचं बघेल याची.

मग माढ्याहून येणारी एसटी दिसली. पोर उठली, रस्त्याच्या कडेला गेली आणि तिनं हात केला. बस पुढं गेली, मग कचकन थांबली. आत वन्सं ओरडत होत्या हे आम्हाला बाहेर ऐकू येत होतं: "थांबवा! माजी लेक हाय ती! थांबवा की ओ!"

त्या उतरल्या. आधी पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. मग खाली बघितलं.

"ही पिशवी हितं कशी?"

ह्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. मी पदर सारखा केला.

"मामी म्हणाल्या," पोर म्हणाली, "तुजी पिशवी उतरवली की गाडी चालू होईल."

वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही, याचाच मला राग आला. बघितलं असतं, चार शब्द बोलल्या असत्या, तर मलाही दहा बोलता आले असते. त्यांनी दुपटी एकेक करून झटकली, घडी घातली, पिशवीत भरली. पिशवी खांद्याला अडकवली, लेकीच्या कमरेला हात घातला आणि बसच्या पायऱ्या चढल्या. आत कंडक्टर कुणाला तरी म्हणत होता, "ओ पावनं, उठा की, पोटुशी बाई हाय!" बस गेली. खिडकीतून पोरीचं डोकं आईच्या खांद्यावर टेकलेलं दिसलं. एसटीच्या बाकावर.

आता रस्त्यावर आम्ही दोघंच. हे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला तेही सहन होईना. मागचं डावं दार उघडंच होतं. सगळा राग गोळा करून मी ते आपटलं.

धाड्!

पोंऽऽ!

ह्यांच्या कपाळाखालचा हॉर्न ओरडला. हे दचकून ताठ झाले. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"परत आपट," हे म्हणाले, आणि त्यांनी हॉर्न दाबून धरला.

मी आपटलं. हॉर्न मेला. पुन्हा आपटलं. पोंऽऽ! पुन्हा. गप्प. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना काय वाटलं असेल! भारी साडीतली एक बाई एकच दार उघडतेय, आपटतेय, आणि गाडी अधूनमधून किंचाळतेय.

मी बॉनेट उघडलं. पहिल्यांदाच. बुरशीनं पांढरं पडलेलं एक कडं खुंटावर टेकलेलं होतं. मी त्याला बोट लावलं. ते फिरलं. वाळलेल्या मनगटावर सैल बांगडी फिरावी तसं. एवढंच होतं सगळं. दार आपटलं की गाडी हलायची, कडं खुंटावरून सुटायचं. बॉनेट आपटलं की कधी परत टेकायचं, कधी नाही. आणि ते दार आपटल्याशिवाय लागत नव्हतं, आणि त्या दाराशी मीच त्यांना बसवत होते.

ह्यांनी हातानं नट आवळून बघितला. तो आधीच शेवटापर्यंत आवळलेला होता, कडंच झिजून मोठं झालं होतं. मधे काहीतरी घालायला हवं होतं, धातूचं, पातळ. गाडीत तसलं काही नव्हतं. मी चप्पल काढली आणि पायातलं जोडवं ओढायला लागले. उन्हानं बोट सुजलेलं, निघेना. थुंकी लावून, पिरगाळून काढलं. ह्यांनी दोन दगडांमधे ते ठेचून सपाट केलं, पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून बुरशी धुतली, पुसली, आणि ती चांदीची पट्टी कडं आणि खुंट यांच्यामधे ठोकून बसवली. मी कडं हलवून बघितलं. हलेना. दार आपटलं. धाड्, धाड्, धाड्. हॉर्न वाजतच राहिला. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

आता लाज वाटायला हवी होती ना? खरं सांगते, मला आनंद झाला. सापडलं! वर्षभर कुणाला न सापडलेलं मला सापडलं! सोलापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, वन्संना कसं सांगायचं, आधी काय, मग काय. माफी मागायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी त्यांना निर्दोष सोडणार होते. मीच पकडलेलं, मीच वर्षभर शिक्षा दिलेली, आणि आता मीच मोठ्या मनानं सोडणार. त्यांचा चेहरा कसा फुलेल, त्या कशा म्हणतील, "बाई, तू होतीस म्हणून कळलं." हेसुद्धा मी त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं.

घरी पोचले तर पोर मधल्या खोलीत खाटेवर निजली होती. वन्सं तिच्या पायथ्याशी बसून सुजलेल्या पावलांना कोमट तेल लावत होत्या. मी दारातच उभी राहिले, हात काळे, एका पायात जोडवं नाही, आणि हसून म्हटलं, "वन्सं, सापडलं बघा! बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं. तुम्ही दार ओढलं की तार सुटायची, बस्स. तुमच्या पायगुणाचं काही नव्हतं हो. तुमचा काही म्हणजे काही दोष नव्हता."

त्यांचे हात थांबले नाहीत. एक पाऊल झालं, दुसरं मांडीवर घेतलं, तेलात बोटं बुडवली, आणि माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

"म्हंजी ते ढिलं निगालं म्हणून मी सुटले म्हण की. आन् घट्ट निगालं आसतं, तर गं?"